ट्रॅक्टरच्या मागे ड्रोन: बेळगाव-खानापूरच्या शिवारात ट्रॅकिंग मोड कसा वापरायचा

स्क्रीनवर ट्रॅक्टरभोवती बोटाने चौकोन ओढला, ‘गो’ दाबलं आणि ड्रोन मागे निघाला, की बघणाऱ्याला वाटतं यंत्राला ट्रॅक्टर कळला. तसं काही नसतं. अमुक रंगाचा, अमुक आकाराचा एक ठिपका चित्रात कुठे सरकतोय आणि तो चौकटीत राहावा म्हणून आपण किती सरकायचं, एवढाच हिशेब ड्रोन एकसारखा करत असतो. माणूस, गाडी, होडी यांचे नमुने त्याला शिकवलेले असतात, म्हणून त्या गोष्टी तो चटकन पकडतो. बैलजोडी, कोंबडा, पतंग हे त्याच्या यादीत असेलच असं नाही. आणि जे झाडाआड गेलं ते त्याच्या लेखी संपलं. तो क्षणभर अंदाजाने पुढे जातो, सापडलं नाही तर जागेवर थांबतो, किंवा शेजारच्या तशाच दिसणाऱ्या ठिपक्यामागे लागतो. ट्रॅकिंगमधल्या बहुतेक चुका या एका गोष्टीतून निघतात. त्यामुळे शॉट चांगला येणार की नाही हे उड्डाणाच्या आधीच, जागा, कपडे आणि उंची ठरवताना बरंचसं ठरलेलं असतं.

खाली बटणांची नावं डीजेआयच्या ‘फ्लाय’ ॲपमधली दिली आहेत, कारण आपल्याकडे तेच ड्रोन जास्त दिसतात. दुसऱ्या कंपनीच्या ड्रोनमध्ये नावं बदलतील, हिशेब तोच राहील.

आधी आपल्या ड्रोनला हे जमतं का ते बघा

सेकंडहँड घेताना इथेच फसगत होते. मिनी २, मिनी ४के आणि साधा मिनी ३ यांत माणसामागे जाणारा ‘ॲक्टिव्हट्रॅक’ नाही. विकणारा दाखवतो ते ‘क्विकशॉट’ असतात, म्हणजे पंधरा-वीस सेकंदांच्या ठरावीक गिरक्या. मिनी ३ प्रो आणि एअर २एस मध्ये ॲक्टिव्हट्रॅक आहे, पण त्यांना बाजूला बघणारे सेन्सर नाहीत. मिनी ३ प्रोला पुढे, मागे आणि खाली दिसतं. एअर २एसला त्याशिवाय वर. मिनी ४ प्रो आणि एअर ३ यांना चारी बाजूंनी दिसतं. हा फरक किमतीपुरता नाही. गाडीच्या बरोबरीने आडवं उडवायचं असेल तर बाजूला आंधळा असलेला ड्रोन बांधावरच्या आंब्यात सरळ घुसतो, कारण त्याचं तोंड गाडीकडे आणि चाल आडवी असते.

कुठे उडवायचं

‘ड्रोन नियम २०२१’ हे केंद्राचे आहेत, त्यामुळे कोगनोळी नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकच नियम. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपल्या शेताची खूण टाकून रंग बघा. हिरव्या भागात जमिनीपासून १२० मीटरपर्यंत (४०० फूट) वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर होते, आणि ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळा किंवा लाल विभाग लागतो. तिथे परवानगीशिवाय चालत नाही. सांबऱ्याचा विमानतळ शहराच्या पूर्वेला असल्यामुळे बेळगावच्या पूर्वेकडच्या गावांना हे थेट लागू होतं. शिवाय शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, सांबऱ्यात हवाई दलाची प्रशिक्षण संस्था आहे. कॅम्प आणि किल्ल्याच्या आसपास ‘पाच मिनिटांत उतरवतो’ हा विचारही नको. कारवारकडे नौदलाचा तळ, बिदरकडे हवाई दलाचा; तिथल्या लोकांनीही नकाशा बघितल्याशिवाय बॅटरी लावू नये. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला रस्ता मोकळा दिसला तरी जंगलाची हद्द कुठे सुरू होते ते वनखात्याला विचारून घ्यावं.

२५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्यापुढे २ किलोपर्यंत ‘मायक्रो’. मिनी ४ प्रो साध्या बॅटरीवर २४९ ग्रॅमच्या आत बसतो, पण मोठी ‘प्लस’ बॅटरी लावली की २९० च्या आसपास जातो आणि वर्ग बदलतो. पंख्यांचे गार्ड किंवा लँडिंगचे पाय लावले तरी तेच. मायक्रो ड्रोन पैसे घेऊन उडवायचा असेल, लग्नाचं काम असेल, तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. ७२० ग्रॅमचा एअर ३ घेऊन ऑर्डरी करणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. विधिमंडळाचं अधिवेशन सुरू असताना किंवा गावात बंदोबस्त असताना नकाशा हिरवा असला तरी ठाण्यात आधी सांगून ठेवलेलं बरं. ड्रोनचे कागद छापून खिशात ठेवा, मोबाइलवर दाखवत बसण्यात वेळ जातो.

ॲपमध्ये काय लावून ठेवायचं

रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट पहिल्यांदा. ‘ट्रॅकिंगचं बटणच दिसत नाही’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. मिनी ३ प्रो, एअर २एस अशा मॉडेलांत ४के ६० फ्रेमवर ट्रॅकिंग बंद होतं. ४के २५ किंवा ३० वर आणलं की लगेच दिसतं. डिजिटल झूम चालू असला तरी ते गायब होतं. म्हणून १x, ३० फ्रेम.

मग ‘कंट्रोल’मध्ये जाऊन ‘सब्जेक्ट स्कॅनिंग’ चालू करा, म्हणजे ओळखलेल्या माणसावर किंवा गाडीवर अधिकचं चिन्ह येतं. ‘सेफ्टी’मध्ये अडथळ्यासाठी ‘बायपास’ किंवा ‘ब्रेक’ निवडा, ‘ऑफ’ कधीच नाही. रिमोटवरचा खटका ‘एन’वर, म्हणजे नॉर्मलवर ठेवा. ‘एस’ म्हणजे स्पोर्ट, त्यात सेन्सर बंद होतात.

परतीची उंची म्हणजे आरटीएच हा आकडा न बघता उडवणारे बरेच आहेत. आपल्या शिवारात नारळ २० मीटरपर्यंत जातात, त्यावर हायटेन्शनचे टॉवर, मोबाइलचे टॉवर. ५० मीटर ठेवा. ट्रॅकिंगच्या नादात ड्रोन टेकाडाआड गेला आणि सिग्नल तुटला, तर तो साधारण याच उंचीवर चढून उडालेल्या जागेकडे येतो, आणि वाटेतलं सगळंच त्याच्या सेन्सरना दिसेल याची खात्री नसते. ॲपमधली उंची उडालेल्या जागेपासून मोजलेली असते हेही लक्षात असू द्या. राजहंसगडाच्या पायथ्यावरून उडवून वर चढणाऱ्या दुचाकीमागे लावला, तर स्क्रीनवर ३० मीटर दिसेल आणि प्रत्यक्षात उतार पंख्यांपासून हातभर राहील. घाटरस्त्यावर चढाच्या दिशेने ट्रॅकिंग करू नये. वरून उतरणाऱ्या गाडीवर करावं.

व्हिडिओत गाडीची चाल सलग दिसावी म्हणून शटर १/५० किंवा १/६० हवं, त्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच लागते. मिनी ३ प्रो आणि मिनी ४ प्रोच्या भिंगाचं छिद्र (ॲपर्चर) एफ १.७ वर कायम असतं, त्यामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १०० ठेवून सकाळच्या उन्हात एनडी ६४ आणि भर दुपारी एनडी २५६ लागतो. बाजारातला एनडी ८ या ड्रोनला कडक उन्हात काहीच कामाचा नाही. संध्याकाळी फिल्टर काढायला विसरलात तर चित्रात कण येतात आणि ट्रॅकिंगही सुटू लागतं, कारण कॅमेऱ्यालाच नीट दिसत नाही.

तीन मोड, आणि कुठला कधी

‘स्पॉटलाइट’मध्ये ड्रोन तुम्ही उडवता, कॅमेरा मात्र निवडलेल्या गोष्टीवर रोखलेला राहतो. ‘पॉइंट ऑफ इंटरेस्ट’ म्हणजे त्या गोष्टीभोवती ठरलेल्या अंतराने घिरट्या. ‘ॲक्टिव्हट्रॅक’मध्ये ड्रोन स्वतः मागे, पुढे किंवा बाजूने चालतो.

नव्या माणसाने ॲक्टिव्हट्रॅकला हात लावण्याआधी निदान तीन बॅटऱ्या स्पॉटलाइटवर घालवाव्यात. खरं सांगायचं तर शर्यत, दिंडी, वरात अशा गर्दीच्या जागी सरावलेली माणसंही स्पॉटलाइटच वापरतात. ड्रोन कुठे जाणार हे आपल्या अंगठ्यावर राहतं, नजर फिरवण्याचं किचकट काम तेवढं यंत्र करतं.

पहिला सराव: मोकळ्या माळावर, माणसामागे

भात काढून झालेली खाचरं किंवा गावाबाहेरचा माळ बघा. १०० मीटरपर्यंत झाड नको, तार नको. गाडीच्या बॉनेटवरून किंवा घराच्या स्लॅबवरून उडवू नका. सळईमुळे होकायंत्र बिघडतं. खाली प्लास्टिकची ताडपत्री किंवा पुठ्ठा टाका.

वर गेल्यावर किमान दहा उपग्रह आणि ‘होम पॉइंट अपडेटेड’ (परतीची जागा नोंदली) हा आवाज आल्याशिवाय पुढे जाऊ नका. ड्रोन ४ ते ५ मीटर उंचीवर, माणसापासून ८ मीटरवर ठेवा. माणसासाठी ५ ते १० मीटर हे अंतर सगळ्यात चांगलं. त्याहून जवळ गेलात तर तो वळला की चौकटीबाहेर जातो, २० च्या पुढे गेलात तर तो चित्रात मुंगीएवढा होतो आणि बांधावरच्या दगडात आणि त्याच्यात ड्रोनला फरक कळत नाही. गिंबल (कॅमेरा धरून फिरवणारा भाग) थोडा खाली, साधारण १५ ते २० अंश. क्षितिज चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागात आलं पाहिजे.

आता अधिकच्या चिन्हावर बोट ठेवा, किंवा डोक्यापासून पायापर्यंत चौकोन ओढा. नुसत्या डोक्यावर किंवा टोपीवर ओढायचा नाही, आणि सावलीसकट तर मुळीच नाही. सकाळी आठला सावली माणसाहून लांब असते. चौकोनात ती आली की ड्रोन कधी माणसाला मधोमध धरतो, कधी सावलीला, आणि चित्र डुलत राहतं.

चौकोन हिरवा झाला की ‘ॲक्टिव्हट्रॅक’ निवडा. मिनी ४ प्रो आणि एअर ३ वर एक गोल चाक येतं, त्यावर ड्रोनने माणसाच्या कुठल्या बाजूला राहायचं ते बोटाने ओढून दाखवायचं. आधी सरळ मागे. ‘गो’ दाबा, डावा अंगठा रिमोटवरच्या पॉज बटणाजवळ ठेवा आणि माणसाला चालायला सांगा. त्याने पहिली पाच पावलं सावकाश टाकावीत. एकदम पळत सुटणं हे ट्रॅकिंग सुटण्याचं पहिलं कारण, कारण ड्रोनला वेग धरायला एक-दोन सेकंद लागतात.

पन्नास पावलं सरळ, मग मोठं वळण, मग काटकोनात वळण. हे तिन्ही न सुटता झालं की माणसाला थांबायला सांगून चाकावर बाजू बदला. समोरून घेताना एक ध्यानात ठेवा: ड्रोन तेव्हा उलटा जात असतो आणि त्याच्या पाठीमागे काय आहे ते स्क्रीनवर दिसत नाही. डोळे स्क्रीनवरून काढून ड्रोनकडेच ठेवावे लागतात. त्यासाठी दुसरा माणूस हवा. एकट्याने समोरचा शॉट घेऊ नये.

कपड्यांचं आधी ठरवा. उसाजवळ हिरवा शर्ट, खानापूरच्या तांबड्या मातीत विटकरी रंग आणि कापलेल्या भाताच्या खुंटांवर फिकट पिवळा, हे तिन्ही हमखास सुटतात. भगवा फेटा, लाल साडी, निळा शर्ट उत्तम. दिंडीत मात्र अडचण उलट असते: प्रत्येकाचं धोतर पांढरं, टोपी पांढरी. चौकोन एका विणेकऱ्यावर ठेवलेला असतो, शेजारचा टाळकरी त्याच्यापुढून जातो, चौकोन किंचित थरथरतो आणि टाळकऱ्याबरोबर डावीकडे निघून जातो. स्क्रीनवर रंग तोच, हिरवा. काही बिघडल्याची सूचना येत नाही. म्हणून गर्दीत एका माणसाला धरूच नये. रथाला किंवा पालखीच्या गाडीला धरावं, तेही लोकांच्या डोक्यावरून नव्हे, बाजूच्या शेतावरून.

उसाचा ट्रॅक्टर

गळीत हंगामात सगळ्यांना हाच शॉट हवा असतो: दोन ट्रॉल्या भरून निघालेला ट्रॅक्टर, मागे धुरळा, दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस. वेग कमी असल्याने ड्रोनला हा सोपा, पण पाणंद अवघड.

गाडीसाठी अंतर २० ते ५० मीटर लागतं. ट्रॅक्टर फडातून बाहेर पडून पाणंदीला लागेपर्यंत चौकोन ओढू नका, कारण उसाच्या भिंतींत फक्त वरचा भार दिसतो आणि तो भार म्हणजे ऊसच. ड्रोनला शेत आणि ट्रॉली एकच वाटतं. मोकळ्या तुकड्यावर आला की १२ ते १५ मीटर उंची, २५ मीटर अंतर आणि मागून तिरकस बाजू. चौकोन ट्रॅक्टरच्या तोंडावर ओढायचा, ट्रॉल्यांवर नाही. ट्रॉलीला धरलं तर वळणावर ट्रॅक्टर एकीकडे आणि मागची ट्रॉली दुसरीकडे दिसते आणि चौकोन त्यांच्यात ताणला जातो.

मग बाभूळ येते. फांद्या पाणंदीवर आलेल्या असतात, ट्रॅक्टर तिच्याखाली शिरतो, तीन सेकंद स्क्रीनवर फक्त हिरवं-करडं झाड. ड्रोन हळू होतो. पलीकडून ट्रॅक्टरचं नाक निघतं, पण त्याआधीच समोरून एक दुचाकी त्या फांदीखालून बाहेर आली असेल, तर चौकोन दुचाकीवर बसतो आणि ड्रोन उलटा फिरून गावाकडे चालू लागतो. अशा वेळी रिमोटची काठी ओढून भांडत बसू नका. पॉज दाबा, ड्रोन उभा राहू द्या, मग पुन्हा चौकोन ओढा. झाड लांबून दिसत असेल तर त्याआधीच थांबवून पलीकडे नव्याने सुरुवात केलेली चांगली. संकलनात तो कट कोणाला कळत नाही.

झाडापेक्षा तारा वाईट. सेन्सरना फांद्या दिसतात, वीजवाहिनीची तार दिसत नाही. ११ केव्हीच्या तीन तारा निदान खांबांमुळे डोळ्याला कळतात. खरा घात करते ती खांबावरून मोटार-शेडकडे गेलेली एकेरी सर्व्हिस वायर, उसाच्या उंचीवर, उन्हात अदृश्य. उडवण्याआधी पाणंद एकदा पायी चालून या. खांब कुठे आहेत ते बघून ठेवा आणि तिथे उंची २० मीटरच्या वर न्या. या कामाला पंधरा मिनिटं लागतात. ती वाचवणारेच नंतर उसात पंखे शोधत फिरतात.

शर्यत, पाणी आणि इतर कटकटी

बैलगाडी शर्यतीत ॲक्टिव्हट्रॅक लावू नका. अडथळे बघत जाणारा छोटा ड्रोन साधारण १२ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ४३ किलोमीटरच्या आसपास पोहोचतो, आणि त्यात सुटतानाची ती पहिली झेप त्याला गाठता येत नाही. ड्रोन मागे पडतो, चौकट रिकामी होते आणि तो सापडेल त्या दुसऱ्या गाडीला धरतो. स्पॉटलाइटवर, धावपट्टीच्या एका बाजूला, ३० ते ४० मीटर अंतर ठेवून, गाडी येण्याआधीच आडवा वेग धरलेला असावा. त्याहून जवळ गेल्यास आवाजाने बैल बुजतात, आणि बुजलेली जोडी माणसांत शिरली तर काय होतं ते सांगायला नको.

हिडकलच्या जलाशयावर किंवा पाणी साचलेल्या रोपाच्या शेतावर खूप खाली जाऊ नका. खालचे सेन्सर जमिनीचे ठसे बघून जागा धरतात. हलत्या, चमकत्या पाण्यावर ठसेच नसतात, मग ड्रोन तरंगत सरकतो किंवा हळूच खाली येतो. ६ मीटरच्या वर राहा. सूर्य मावळल्यावर तेच सेन्सर अंधारामुळे बंद पडतात आणि तशी सूचना येते. ती आली की ट्रॅकिंग संपवायचं, ‘शेवटचा एक’ नाही.

आग्या मोहोळ कुठे आहे ते गावात विचारा. पाण्याची टाकी, मोठा पिंपळ, गडाचा कडा या त्यांच्या जागा. ड्रोन दोन मीटरवरून गेला तर ड्रोनचं काही होत नाही, खाली उभ्या माणसांचं होतं. घारी अंगावर आल्या तर खाली पळू नका, सरळ वर जा. वरून झडप घालणाऱ्या पक्ष्याला वर चढणारं सावज पकडायला अवघड जातं.

वाऱ्याचा हिशेब बॅटरीत धरा. ३४ मिनिटं हा मिनी ४ प्रोच्या डब्यावरचा आकडा. सतत वेग बदलणाऱ्या ट्रॅकिंगमध्ये बावीस-पंचवीस धरा. जाताना वारा पाठीशी असेल तर येताना तोंडावर असतो, म्हणून त्या दिवशी ४० टक्क्यांवर परत फिरा, एरवी ३० वर. ट्रॅक्टरबरोबर तुम्हीही जीपमधून पुढे गेला असाल तर होम पॉइंट नव्या जागेवर आणायला विसरू नका, नाहीतर बॅटरी उतरताच ड्रोन दोन किलोमीटर मागच्या फडात जाऊन बसेल.

उतरल्यावर पंखे हाताने फिरवून बघा. खानापूरकडची तांबडी धूळ मोटरीत आणि गिंबलच्या सांध्यात बसते; मऊ ब्रश आणि हातपंप पुरे, कंप्रेसरची हवा नको. सेन्सरच्या छोट्या काचा कोरड्या मऊ फडक्याने पुसा. त्यावर बोटाचा तेलकट ठसा असला, तर पुढच्या उड्डाणात समोर काही नसताना ड्रोन मध्येच ब्रेक मारत राहील, आणि दोष ॲपचा वाटेल.